शिकागोत तीन दिवस: आधी मॅचची वेळ, मग बाकी सगळं

शिकागोसाठी हातात एक वीकेंड आहे, नदीवरची सफर करायचीय, थोडी खरेदी करायचीय आणि रिगली फील्डवर बेसबॉलची मॅचही बघायचीय, असं असेल तर विमानाचं तिकीट शोधायच्या आधी कब्सचं, म्हणजे रिगलीवर खेळणाऱ्या टीमचं, वेळापत्रक उघडा. नदी आणि दुकानं कुठेही जात नाहीत. टीम मात्र मार्चअखेर ते सप्टेंबरअखेरच्या सीझनमधल्या 162 पैकी 81 मॅचच घरी खेळते. हॉटेल बुक झाल्यावर कळतं की त्या आठवड्यात टीम दौऱ्यावर आहे. अशा वेळी दक्षिणेकडच्या रेट फील्डवर शहरातल्या दुसऱ्या टीमची, व्हाइट सॉक्सची, मॅच आहे का ते बघा. सहसा एक टीम बाहेर असली की दुसरी घरी असते, आणि दोन्ही मैदानं मेट्रोच्या रेड लाइनवरच आहेत.

बेसबॉलमध्ये एकाच टीमशी ओळीने तीन-चार दिवस मॅच होतात, वीकेंडला बहुधा शुक्रवार-शनिवार-रविवार. त्यातली शुक्रवारची घ्या. कारण पाऊस. मॅच धुऊन गेली तर तिकीट पुढच्या तारखेला चालतं, पण ती तारीख दोन महिन्यांनंतरची असली तर पाहुण्याला तिचा काय उपयोग? शुक्रवारी पाणी पडलं तर शनिवार-रविवारचं नवं तिकीट काढता येतं. रविवारवर विसंबलात तर दुसरी संधी नाही. शिवाय टीव्हीवाल्यांसाठी रविवारची दुपारची मॅच नंतर संध्याकाळी सरकू शकते आणि परतीचं विमान हातचं जातं.

रिगलीवर शुक्रवारची मॅच बहुतेक वेळा दुपारी 1:20 ला असते. या मैदानावर 1988 च्या ऑगस्टपर्यंत दिवेच नव्हते, आणि आजूबाजूला राहती वस्ती असल्याने रात्रीच्या मॅचवर शहराची बंधनं आजही आहेत. तेव्हा गुरुवारी रात्री पोहोचायचं, शुक्रवारी मॅच.

आता जागा. मैदान 1914 चं आहे, वरचा मजला खांबांवर तोललेला आहे. खालच्या मजल्यावरची मागच्या रांगांतली तिकिटं स्वस्त दिसतात, पण तिथे नेमका पिचर (चेंडू टाकणारा) आणि तुमच्यामध्ये खांब येऊ शकतो, आणि डोक्यावरच्या छतामुळे उंच उडालेला चेंडू मधेच दिसेनासा होतो. पैसे भरण्याआधी त्या सीटवरून मैदान कसं दिसतं याचा फोटो बघाच. होम प्लेट, म्हणजे बॅटरची जागा, मैदानाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात आहे, म्हणून दुपार कलली की तिसऱ्या बेसच्या, म्हणजे बॅटरच्या मागून बघताना डावीकडच्या, बाजूला आधी सावली येते. जुलै-ऑगस्टमध्ये तिथेच बसा. एप्रिल-मेमध्ये मात्र उलट करा, उजवीकडे, पहिल्या बेसच्या बाजूला उन्हात बसा. तेव्हा मिशिगन तळ्यावरून येणारा वारा इतका गार असतो की सावलीत तिसऱ्या इनिंगलाच दात वाजायला लागतात. आउटफिल्डमागच्या ब्लीचर्समध्ये ठरलेली सीट नसते, चांगली जागा हवी तर गेट उघडताच आत शिरायचं.

तिकीट फोनवरच येतं. गेटवर हजारो लोक एकाच वेळी नेटवर्क ओढत असतात, ॲप गोल गोल फिरत राहतं. म्हणून हॉटेलच्या वाय-फायवरच ते फोनच्या वॉलेटमध्ये टाकून ठेवा, आणि घरातल्या प्रत्येकाचं तिकीट त्याच्या त्याच्या फोनवर पाठवा. चौघांची तिकिटं एकाच फोनवर आणि त्याची बॅटरी चार टक्के, हे दृश्य गेटवर नेहमीचंच. पिशवीच्या मापाचा त्या वर्षीचा नियम आदल्या रात्री वाचा आणि खरेदीच्या पिशव्या घेऊन मैदानावर जाऊच नका. मॅचच्या दिवशी सकाळी शॉपिंग टाळायचं ते याचसाठी.

त्या सकाळी मिलेनियम पार्क करा. क्लाउड गेट, म्हणजे तो आरशासारखा ‘बीन’, नऊच्या आत गाठलात तर त्यात दुसऱ्यांची डोकी न येता स्वतःचा फोटो निघतो. शिल्पकार अनिश कपूर यांचा जन्म मुंबईचा, 1954 चा. पोलादाचे 168 पत्रे जोडून केलेल्या या शिल्पाच्या खाली, पोटात जाऊन वर बघा. लोक बाहेरूनच परततात. समोरचं शिकागो कल्चरल सेंटर 1897 चं, पूर्वीचं सार्वजनिक ग्रंथालय. आत टिफनीच्या रंगीत काचेचा 38 फूट व्यासाचा घुमट आहे आणि प्रवेश फुकट. तिथून पाच मिनिटांवर लेक स्टेशन, रेड लाइन, हॉवर्डच्या दिशेची गाडी, ॲडिसनला उतरायचं. वीसेक मिनिटं लागतात. बाराच्या आत निघा. गाडी भाड्याने घेतली असेल तर ती हॉटेलातच राहू दे. मैदानाभोवती पार्किंग शोधण्यात पहिल्या दोन इनिंग जातात.

स्टेशनच्या फिरत्या दांड्यावर कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड चालतं, पण प्रत्येकाने आपलं वेगळं कार्ड वापरा.

क्रिकेट बघणाऱ्याला खेळ अर्ध्या तासात कळतो: नऊ इनिंग, प्रत्येक टीमचे दर इनिंगला तीन आउट, बरोबरी झाली तर निकाल लागेपर्यंत जादा इनिंग. 2023 पासून पिचरवर घड्याळ लागलं, म्हणजे चेंडू ठरावीक सेकंदांत टाकावा लागतो, तेव्हापासून मॅच साधारण पावणेतीन तासांत आटोपते, म्हणजे चारच्या सुमारास तुम्ही मोकळे. प्रेक्षकांत आलेला चेंडू परत द्यायचा नसतो, तो पकडणाऱ्याचा. फक्त पाहुण्या टीमचा होमरन (प्रेक्षकांत थेट मारलेला फटका, क्रिकेटच्या षटकारासारखा) असेल तर ब्लीचर्समधले लोक ‘फेकून दे’ म्हणून ओरडतात, आणि बरेच जण खरंच फेकतात. सातव्या इनिंगच्या मध्यावर सगळं मैदान उठून गातं. टोपी-जर्सी घ्यायची असेल तर ती त्याच्या आधी घ्या, नंतर दुकानात रांग लागते.

मॅच सुटली की ॲडिसनच्या फलाटावर मुंगी शिरायला जागा नसते. शहराकडे परतायचं असेल तर शेफील्ड ॲव्हेन्यूने दक्षिणेला अर्धा मैल चालत बेल्मोंट स्टेशन गाठा. तिथे ब्राउन लाइनही मिळते. ती लूपभोवती, म्हणजे शहराच्या मध्यवर्ती भागाभोवती, इमारतींच्या दुसऱ्या मजल्याला घासत जाते, वेगळी सफर काढायला नको. पण त्याहून चांगला बेत म्हणजे गर्दीच्या उलट दिशेला, उत्तरेकडे लोयोलापर्यंत जायचं आणि 155 नंबरची बस पकडून डेव्हन ॲव्हेन्यूवर उतरायचं. वेस्टर्न ॲव्हेन्यूच्या पुढे साड्या, सोनं, मसाले, मिठाई, थाळी सगळं तिथेच आहे. मुक्काम शिकागोत, जेवण घरच्यासारखं. रेड लाइन रात्रभर चालते, त्यामुळे घाई नाही.

शनिवार नदी आणि दुकानांचा. वास्तुकलेची बोटसफर सुमारे 90 मिनिटांची असते. शिकागो आर्किटेक्चर सेंटरची बोट मिशिगन ॲव्हेन्यूच्या पुलाच्या आग्नेय कोपऱ्याखालून सुटते. इतर कंपन्यांच्या बोटी पलीकडच्या काठावरून किंवा नेव्ही पिअरवरून सुटतात, आणि चुकीच्या धक्क्यावर उभं राहून बोट चुकवणारे रोज दिसतात. तिकिटावरचा धक्का नीट वाचा. टोपी घ्या, वरच्या डेकला सावली नसते.

खरेदी बोटीनंतर, आधी नाही. पूल ओलांडला की उत्तरेकडे मॅग्निफिसंट माइल हा दुकानांचा रस्ता सुरू होतो. लेबलवरची किंमत अंतिम धरू नका. शिकागोत विक्रीकर 10 टक्क्यांहून जास्त आहे, तो काउंटरवर चढतो, आणि इलिनॉयमध्ये परदेशी पर्यटकाला तो परत मिळत नाही. स्टेट स्ट्रीटवरच्या मेसीज या मोठ्या दुकानात काही घ्यायचं नसलं तरी वरचं टिफनी मोझेकचं छत बघून घ्या.

उंचावरून शहर एकदाच बघा, दोन मनोऱ्यांचे पैसे भरू नका. विलिस टॉवरच्या 103 व्या मजल्यावर काचेच्या खोक्यात उभं राहण्याचा थरार आहे. पण खरेदी संपते तिथेच, मॅग्निफिसंट माइलच्या उत्तर टोकाला, जुन्या हॅनकॉक इमारतीच्या 94 व्या मजल्यावरून किनाराही दिसतो आणि विलिसही. सूर्यास्ताच्या तासभर आधीची वेळ घ्या. ढग खाली उतरले असतील तर मात्र बेत सोडा, वर नुसता पांढरा पडदा असतो.

रविवारी सामान हॉटेलच्या काउंटरवर ठेवून आर्ट इन्स्टिट्यूट. 11 सप्टेंबर 1893 ला विवेकानंदांचं भाषण झालं ते याच इमारतीत. ते सभागृह आता नाही, त्या जागी फुलर्टन हॉल आहे. सगळं संग्रहालय दोन तासांत होत नाही. इम्प्रेशनिस्ट दालनं आधी करा, उरलेल्या वेळात काय जमेल ते. ओहेर विमानतळाला ब्लू लाइनने लूपपासून पाऊण तास ते पन्नास मिनिटं लागतात. काही घ्यायचं राहून गेलंच तर विमानतळाच्या आधीचं स्टेशन रोझमाँट, तिथे आउटलेट मॉल आहे. पण बॅगा ओढत दुकानं फिरायची तयारी असेल तरच उतरा.