स्टॅगहॉर्न नेचे फळीवर कसे बांधावे?

कुंडीतले स्टॅगहॉर्न नेचे मलूल दिसू लागले की खत घालण्याआधी त्याला मातीतून सोडवा. प्लॅटिसेरियम बायफर्केटम हे त्याचे शास्त्रीय नाव. पूर्व ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या जंगलांत ते झाडांच्या खोडाफांद्यांवर वाढते. झाडाचा फक्त आधार घेते, रस शोषत नाही. म्हणजे बांडगूळ नव्हे, अपिवनस्पती.

आधी रोप नीट बघा. पाने दोन तऱ्हेची असतात. बुडाशी ढालीसारखी, एकावर एक चढलेली. ती कालांतराने तपकिरी, कागदासारखी होतात. ती सोलून काढू नका. जंगलात त्यांच्यामागे पालापाचोळा साचून कुजतो आणि मुळांना ओल नि खत तिथेच मिळते. दुसरी पाने हरणाच्या शिंगांसारखी. त्यांच्या टोकांना खालून तपकिरी मखमल दिसली तर ते बीजाणू. बुरशीनाशक घेऊन धावू नका.

आता बांधणी. रंग किंवा रसायन न लावलेली फळी घ्या, टांगायचा हूक आणि कडेचे खिळे आधीच ठोका. स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारे वाळवलेले शेवाळ) भिजवून, पिळून फळीवर उंचवटा करा. मुळांची सुटी माती झाडून रोप त्यावर दाबा. मासेमारीची नायलॉन दोरी ढालींवरून नेऊन खिळ्यांना गुंडाळा. नवी पाने जिथून फुटतात तो कोंब मात्र दोरी आणि मॉस दोन्हींपासून मोकळा हवा. तो दबला तर वाढच खुंटते. पुढे नवी ढाल येऊन दोरी झाकून टाकते.

पाणी देताना फळीसकट 10-15 मिनिटे बादलीत बुडवा, निथळू द्या, टांगा. पुन्हा कधी? फळी उचलून बघा, हलकी लागली की. बूड काळे, मऊ पडले तर पाणी जास्त होतेय. उजेड भरपूर, पण दुपारचे थेट ऊन नको.

पानांवरची पांढरी पूड मी पहिल्या वर्षी धूळ समजून ओल्या फडक्याने चकाचक पुसली होती. ती चांदणीच्या आकाराची बारीक लव असते आणि पानातले पाणी उडू देत नाही. पुसलेली लव परत आली नाही.

बाजूला पिल्ले फुटली तर स्वतःची ढाल धरल्यावर मुळांसकट कापून वेगळ्या फळीवर बांधा. प्लॅटिसेरियम सुपरबम या भावंडाला पिल्ले येत नाहीत. ते बीजाणूंपासूनच वाढवावे लागते.