बालविकासाचं प्रॅक्टिकल आणि माझा 'लाजाळू' शब्द

अकरावीला बालविकास घेतला तेव्हा घरी एकच प्रश्न, "मुलं सांभाळायलाही शिकावं लागतं का?" त्यावर वाद घालू नका. वेळ जर्नलला, म्हणजे मुलांच्या निरीक्षणाच्या वहीला द्या.

निरीक्षणासाठी मला तुर्भ्याची अंगणवाडी मिळाली होती. पहिल्याच दिवशी साडेतीन वर्षांच्या एका मुलाबद्दल लिहून टाकलं, "लाजाळू आहे. भाषाविकास मागे." दहा मिनिटं बघून! मॅडमनी लाल पेनाने विचारलं, "दिसलं काय?" मला रागच आला. दिसलं तेच तर लिहिलं होतं.

नव्हतं. दिसलं होतं ते असं: १०.२०ला तो दाराशी उभा, हातात चप्पल. तीन मुली ठोकळे रचताहेत, त्याची नजर तिकडेच. मनोरा पडल्यावर हसला. ताईंनी नाव विचारलं, उत्तर नाही. यात 'लाजाळू' कुठे आहे? ते माझ्या डोक्यातून आलं. पुढच्या आठवड्यात मदतनीस मावशी म्हणाल्या, घरी कन्नड बोलतात, इकडे येऊन महिनाच झालाय, आजीशी तर तोंड मिटत नाही. आणि ते उभं राहून बघणं? मिल्ड्रेड पार्टेन या संशोधिकेने १९३२ साली मांडलेल्या मुलांच्या खेळाच्या प्रकारांत नुसतं बघत राहणं हाही एक प्रकार आहे. मला तो पाठ होता, समोर आल्यावर ओळखता आला नाही.

म्हणून पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे वेळ, हालचाल, मुलाचे शब्द जसेच्या तसे. उजवीकडे तुमचा अंदाज, तोही घरी आल्यावर. डावीकडे विशेषण आलं की खोडा. 'रागावला' नको, 'ठोकळा फेकला, पाय आपटले' लिहा.

मानसशास्त्रज्ञ पियाजेचा पाण्याच्या ग्लासांचा प्रयोग असतो: एका ग्लासातलं पाणी मुलासमोर वेगळ्या आकाराच्या ग्लासात ओतायचं आणि पाणी तेवढंच आहे का ते विचारायचं. तो करताना "आता जास्त झालं ना?" असं विचारलंत तर संपलं, मूल तुम्हाला खूश करायला हो म्हणतं. "सारखं आहे, की एकात जास्त?" असं विचारा.

सीनियरचं जर्नल उतरवू नका. पकडले जाल म्हणून नाही, बहुतेकदा कोणी पकडतही नाही. पण तोंडीला "मग त्याने काय केलं?" आलं की बोबडी वळते. त्यापेक्षा मावशींशी गप्पा मारा. माझ्या मते गाइडपेक्षा त्यांना जास्त कळतं.

पहिले दोन दिवस मुलं तुमच्या ओढणीशीच खेळतील, एक ओळ लिहून होणार नाही. चालतं. जमिनीवर बसा, फोन पिशवीत ठेवा, पालकांना विचारल्याशिवाय फोटो नाही. आणि पेनं दोन न्या, एक हमखास पळवतात.