तुंबलेली मोरी आणि 50 ग्रॅमची पुडी

मोरी तुंबली की दुकानातून ड्रेन क्लीनरची पुडी आणायची, जाळीवर रिकामी करायची, वर पाणी ओतायचं आणि फसफस ऐकत उभं राहायचं. कधी पाणी भसकन उतरतं, कधी ढिम्म हलत नाही. मग आणखी एक पुडी. खरं तर पुडी भारी की हलकी हा प्रश्नच नाही. पाइपात नेमकं काय अडकलंय यावर सगळं ठरतं.

पुडीतले पांढरे दाणे म्हणजे कॉस्टिक सोडा, सोडियम हायड्रॉक्साइड. काही पुड्यांत त्यासोबत ॲल्युमिनियमचा करडा चुरा असतो. कॉस्टिक पाण्यात विरघळताना प्रचंड तापतं. 50 ग्रॅम कॉस्टिक पेलाभर, म्हणजे 200 मिलि पाण्यात विरघळलं, तर त्या पाण्याचं तापमान ढोबळ हिशोबाने 50 अंशांनी वाढतं. म्हणजे नळाचं कोमट पाणीही 75-80 अंशांच्या आसपास पोचतं. ॲल्युमिनियमचा चुरा असेल तर कॉस्टिक त्यालाही खातं, त्यातून आणखी उष्णता आणि हायड्रोजन वायू सुटतो. ती फसफस त्याचीच. बुडबुड्यांनी मिश्रण ढवळलं जातं, पण हा वायू पेट घेतो. सिंकशेजारची शेगडी बंद करायची ती यासाठी. मोरीजवळ उदबत्ती वा सिगारेटही नको.

स्वयंपाकघरातला तुंबा बहुतेक तेलातुपाचा असतो. वनस्पती तूप थंड पाइपात लगेच थिजतं. खोबरेल साधारण 24 अंशांखाली गोठतं, त्यामुळे थंडीत तक्रारी वाढतात. त्या चिकट थरावर भाताची शितं, चहाचा चोथा आणि भांडी घासायच्या काथ्याचे धागे बसत जातात. कॉस्टिकची उष्णता आधी हे तूप पातळ करते आणि मग कॉस्टिक त्याचा साबण बनवतं. साबणाच्या कारखान्यात चालते तीच क्रिया, फक्त पाइपात. शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेलाच्या 7 ग्रॅमला साधारण 1 ग्रॅम कॉस्टिक पुरतं. खोबरेलाला थोडं जास्त लागतं, साडेपाच ग्रॅमला 1 ग्रॅम. कागदावर 50 ग्रॅम कॉस्टिक पाव किलोहून जास्त तेल फस्त करेल. अर्ध्या तासात तेवढं होत नाही. पण सगळ्या तेलाचा साबण व्हायची गरजही नसते, थोडा साबण झाला की तो उरलेल्या तेलाला पाण्यात मिसळून सोबत घेऊन जातो.

बाथरूममध्ये गुन्हेगार केस. केस म्हणजे केराटिन हे प्रथिन, कॉस्टिक त्याच्या साखळ्या तोडून त्याचा लगदा करतं. पण सावकाश. मुठीएवढा गुंता एका पुडीत विरघळत नाही, वरचा थर बुळबुळीत होतो आणि आतला तसाच राहतो. दिवाळीच्या अभ्यंगस्नानानंतर नहाणी तुंबते तेव्हा तर केस, तेल आणि उटणं अशी तिहेरी वीण असते. तेल जाईल, केस थोडे सुटतील, उटण्याचा चोथा तसाच राहील. तिथे पुडीच्या आधी तारेचा आकडा हवा.

आणि जिथे पुडी टाकूच नये त्या गोष्टी: शाडूची माती, रांगोळी, सिमेंट, वाळू, प्लॅस्टिक, नारळाची शेंडी. यांतलं काहीही कॉस्टिकने विरघळत नाही. बोअरच्या पाण्याने पाइपात धरलेला क्षाराचा पांढरा थरही नाही. गणपतीची शाडूची मूर्ती बादलीत विरघळवून ते पाणी मोरीत सोडलं असेल, तर गाळ हाताने किंवा तारेनेच काढावा लागतो. पुण्यात पीओपीच्या मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात विरघळवतात. ते पाणी मोरीत साचलेलं असताना वर कॉस्टिक टाकलं, तर डोळ्यांतून पाणी काढणारा अमोनिया वायू सुटतो. खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये ही गंमत नव्हे.

म्हणून आधी तपासणी. सिंक हळू उतरतंय पण बाथरूम ठीक आहे, म्हणजे अडथळा सिंकच्या बॉटल ट्रॅपमध्ये (सिंकखालचं बाटलीसारखं भांडं) किंवा खालच्या नळीत. सिंकचं पाणी सोडल्यावर नहाणी ट्रॅपमधून, म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या भांड्यातून, पाणी वर येतंय, म्हणजे अडथळा ट्रॅपच्या पुढे. वरच्या मजल्यावरच्यांनी पाणी सोडलं की तुमची मोरी भरते, म्हणजे मुख्य लाइन किंवा खालचा चेंबर तुंबलाय. तिथे दहा पुड्या टाकल्या तरी काही होणार नाही, सोसायटीला सांगा. नहाणी ट्रॅपमध्ये साधारण 50 मिमी पाणी कायम उभं असतं. ते वास अडवण्यासाठी असतं, त्याला तुंबा समजू नका.

बॉटल ट्रॅप असेल तर पुडी आणायच्या आधी खाली बादली ठेवून त्याची वाटी हाताने फिरवून काढा. निम्म्या वेळा काम इथेच संपतं. वाटी बसवताना रबरी वॉशर नीट बसलाय का पाहा, नाहीतर थेंब थेंब गळत राहील.

पुडी लागणारच असेल, तर हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा, पायात चप्पल. लोकर आणि रेशीम कॉस्टिक खाऊन टाकतं, सुती कपडे चालतील. खिडकी उघडा, एक्झॉस्ट लावा. मोरीत उभं असलेलं पाणी मगाने उपसा, कारण बादलीभर पाण्यात पुडी पडली तर तिची ताकद आणि उष्णता दोन्ही वाया. जाळी ॲल्युमिनियमची असेल तर काढून बाजूला ठेवा. पुडी सिंकमध्ये पसरू न देता थेट पाइपाच्या तोंडात सोडा, मग पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी बेताने ओता. पाकीट गरम पाणी सांगत असेल तरी उकळतं नको. कॉस्टिकवर उकळतं पाणी पडलं की मिश्रण उसळून तोंडावर येतं. ओतताना चेहरा मोरीच्या वर आणू नका. साधारण अर्धा तास थांबा, त्यात कोणी नळ सोडणार नाही याची काळजी घ्या. त्यानंतर एक-दोन बादल्या पाणी सलग सोडा. इथे कंजुषी केली तर सुटलेलं तूप चार फूट पुढे जाऊन पुन्हा थिजतं, आणि तिथे तार पोचत नाही.

रात्रभर ठेवलं तर जास्त साफ होईल, हा समज उलटा पडतो. पाणी कमी आणि वेळ जास्त झाला की साबण आणि न विरघळलेलं कॉस्टिक मिळून ट्रॅपमध्ये दगडासारखा गोळा होतो. बोअरचं जड पाणी असेल तर त्यातलं कॅल्शियम साबणाशी मिळून न विरघळणारा करडा साका तयार होतो, तोही चिकटतो. शिवाय सिंकखालची पातळ, वळ्यावळ्यांची पीव्हीसी नळी तेवढ्या उष्णतेत मऊ पडून लोंबते. कमोडमध्ये पुडी टाकायचीच नाही. तिथे पाणी जास्त म्हणून उपयोग नाही, आणि उष्णतेने चिनी माती तडकू शकते.

एका पुडीने काम झालं नाही तर दुसरी टाकू नका, मोरीचा रबरी पंपही मारू नका. आत उभं असलेलं पाणी आता कॉस्टिकचं आहे, पंपाच्या पहिल्या दणक्याला तेच अंगावर उडतं. प्लंबरला बोलवा आणि त्याने हात घालायच्या आधी ‘आत कॉस्टिक टाकलंय’ हे सांगा. हे न सांगणं म्हणजे दुसऱ्याच्या डोळ्यांशी खेळ.

बाटलीत मिळणाऱ्या दाट जेलमध्ये बऱ्याचदा कॉस्टिकसोबत ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट असतं. दाट असल्यामुळे ते साचलेल्या पाण्यातून खाली बसतं, आणि केसांवर निव्वळ कॉस्टिकपेक्षा बरं चालतं. पण टॉयलेट साफ करायच्या ॲसिडशी त्याची गाठ पडली की क्लोरीन वायू निघतो. सकाळी ॲसिडने फरशी घासली आणि दुपारी त्याच मोरीत जेल ओतलं, एवढंही पुरतं. निव्वळ ॲसिड क्षाराचा थर काढतं, तेलाला मात्र काही करत नाही. जुन्या घरांत शहाबादी फरशी आणि कडप्प्याचा ओटा असतो, दोन्ही चुनखडीचेच दगड. ॲसिडचा थेंब पडला की पांढरा डाग कायमचा. खायचा सोडा आणि व्हिनेगर हा इंटरनेटचा लाडका उपाय फेस छान काढतो, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि तुपाला हात लागत नाही.

कॉस्टिक अंगावर उडालं तर बोटं बुळबुळीत लागतात. तो तुमच्याच त्वचेतल्या चरबीचा साबण. लगेच वाहत्या पाण्याखाली धरा, किमान 15-20 मिनिटं. लिंबू-व्हिनेगर लावून ‘मारायला’ जाऊ नका, त्या क्रियेतही उष्णता निघते. डोळ्यात गेलं तर पापणी उघडी धरून तेवढाच वेळ पाणी सोडा आणि मग थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे. कॉस्टिकसारखं अल्कली डोळ्यात ॲसिडपेक्षा खोल शिरतं. मुलाने तोंडात घातलं तर उलटी काढू नका, वर येताना ते घसा दुसऱ्यांदा भाजतं. पाकीट सोबत घेऊन हॉस्पिटल गाठा.

अर्धी पुडी उरली तर ती हवेतलं पाणी शोषून गोळा होते आणि हळूहळू धुण्याचा सोडा बनते, म्हणजे पुढच्या वेळी निकामी. ठेवायचीच तर घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डबीत, वर ठळक नाव लिहून, मुलांचा हात पोचणार नाही अशा फळीवर. ॲल्युमिनियमच्या डब्यात कधीच नको, आणि मिठाच्या बरणीशेजारी तर मुळीच नको. दाणे जाड्या मिठासारखेच दिसतात.