प्राथमिक वर्गातील कृतियुक्त पाठ : आखणी कशी करावी आणि मुलांचे मन कसे सांभाळावे

शिक्षक टेबलावर प्रयोग करून दाखवतात आणि मुले जागेवर बसून तो पाहतात, तेव्हा पाठ रंजक होतो, पण तो कृतियुक्त होत नाही. प्रत्येक मुलाच्या हाताला काम मिळाले तरच त्याला कृतियुक्त पाठ म्हणता येते. मात्र हातात साहित्य आले की मूल आपोआप आनंदी होते, हा समजही तपासून पाहिला पाहिजे. कृतीच्या तासाला मूल लेखी परीक्षेइतकेच बेचैन होऊ शकते. गटातील साहित्य एकाच धीट मुलाकडे राहते, तास संपत आला तरी आपले काम अर्धवटच असते, आपली वस्तू शेजारच्यापेक्षा वाकडी दिसते आणि ती आता सर्वांसमोर धरावी लागणार असते. यांपैकी एकेक कारण आखणीच्या वेळीच दूर करता येते, आणि तसे केले तर शिकणे आणि मनाचे स्वास्थ्य यांसाठी दोन वेगळे उपक्रम घ्यावे लागत नाहीत.

या वयात हाताच्या कामाला एवढे महत्त्व का द्यायचे, हेही थोडक्यात पाहू. मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्या मांडणीनुसार साधारण 7 ते 11 या वयातील मुले तर्क करू शकतात, पण तो समोरच्या मूर्त वस्तूंच्या आधाराने. अंक-अक्षरांसारख्या निव्वळ चिन्हांवर विचार चालवणे त्यांना पुढे जमू लागते. मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी ज्ञान मनात मांडण्याचे कृती, चित्र आणि चिन्ह असे तीन प्रकार सांगितले. वर्गात अनेकदा पहिले दोन ओलांडून आपण थेट चिन्हावर येतो, आणि ज्या मुलाला ते कळत नाही ते मूल ‘मला गणित येत नाही’ असा निष्कर्ष काढून मोकळे होते. इतक्या लहान वयात झालेले हे मत पुढे बदलणे फार अवघड असते, म्हणून त्याची काळजी पहिल्या इयत्तांमध्येच घ्यायला हवी.

आखणीची सुरुवात साहित्यापासून न करता प्रश्नापासून करावी. या तासाच्या शेवटी मुलाला नेमके काय कळलेले हवे, ते एका वाक्यात लिहून काढावे आणि मगच ते कोणत्या वस्तूने कळेल याचा विचार करावा. उदाहरणार्थ, 42 मधून 17 वजा करताना दशक का सुटा करावा लागतो, हे समजावयाचे आहे. त्यासाठी लागतात फक्त काड्या आणि रबरबँड. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे मुलांनीच मोजून बांधावेत; तयार गठ्ठे देऊन वेळ वाचतो, पण गठ्ठ्यात दहाच काड्या आहेत हा विश्वास मुलाला स्वतःच्या मोजण्यातून यायचा असतो आणि तो गमावण्यात अर्थ नाही. आता मुलाकडे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या आहेत. त्यातून सतरा काड्या शेजाऱ्याला द्यायच्या आहेत. सात सुट्या काड्या नाहीत, हे मुलाच्या लक्षात आले की शिक्षकांनी गप्प राहावे. बहुतेक गटांमध्ये कोणीतरी गठ्ठा सोडायचे सुचवते, आणि ते सुचवण्याची संधी मुलांकडून हिरावून घेऊ नये. एक गठ्ठा सोडला की तीन गठ्ठे आणि बारा सुट्या काड्या होतात. एक गठ्ठा व सात काड्या दिल्यावर दोन गठ्ठे आणि पाच काड्या, म्हणजे 25 उरतात.

येथे पाठ संपला असे समजणे ही नेहमीची चूक आहे. काड्यांची कृती एकीकडे आणि वहीतील मांडणी दुसरीकडे राहिली, तर मूल काड्यांनी उत्तर काढते आणि वहीत पुन्हा गोंधळते. म्हणून दुसऱ्या फेरीत जोडीतील एकाने काड्या हलवाव्यात आणि दुसऱ्याने प्रत्येक हालचाल लगेच अंकांत लिहावी. गठ्ठा सुटला त्याच क्षणी 4 खोडून 3 लिहायचे आणि 2 च्या जागी 12 लिहायचे. मग कामे बदलावीत. पुढील काही दिवस काड्यांऐवजी चित्र काढू द्यावे आणि त्यानंतर नुसते अंक द्यावेत. ज्या मुलाला काड्या अजून हव्या आहेत त्याला त्या बिनदिक्कत घेऊ द्याव्यात, आणि साहित्याची पेटी वर्गात सर्वांच्या हाताला येईल अशा जागी कायम ठेवावी. ‘तुला अजून काड्या लागतात का?’ हे वाक्य वर्गात कोणीही उच्चारता कामा नये.

गट तीन किंवा चार मुलांपेक्षा मोठा नसावा. साहित्य कमी असेल तर निम्म्या वर्गाला कृती आणि उरलेल्यांना वाचन किंवा लेखन असे दोन भाग करावेत. सहा मुलांत एक संच देण्यापेक्षा हे केव्हाही बरे. नवी वस्तू हातात आली की मुले ती आधी उलटसुलट करून पाहतात, तिचे मनोरे रचतात, एकमेकांना दाखवतात. ही बेशिस्त नव्हे. सुरुवातीची पाच-सात मिनिटे त्यासाठी उघडपणे राखून ठेवली, तर नंतरच्या सूचना मुले शांतपणे ऐकतात. सूचना तोंडी देताना त्या चित्ररूपाने फळ्यावरही असाव्यात, कारण एकदा ऐकून विसरलेले मूल पुन्हा विचारायला लाजते आणि मग नुसते दुसऱ्याचे पाहून करते.

चूक सुरक्षित वाटावी यासाठी अंदाजाचा उपयोग फार चांगला होतो. चिकणमातीचा गोळा पाण्यात बुडेल की तरंगेल, हे प्रत्येकाने आधी लिहावे. गोळा बुडतो. मग त्याच मातीची खोलगट होडी करावी. वजन तेवढेच असूनही ती तरंगते, कारण पसरट, पोकळ आकार अधिक पाणी बाजूला सारतो आणि तेवढा वर ढकलणारा जोर वाढतो. येथे अनेकांचे अंदाज चुकतात, आणि ही गोष्ट वर्गाला आधीच सांगून ठेवावी. कोणाचा अंदाज बरोबर आला हे विचारण्यापेक्षा ‘कशामुळे मत बदलले?’ असे विचारावे. काही होड्या बुडतील. बुडालेली होडी मुलाने पुन्हा घडवावी एवढा वेळ तासात असला पाहिजे; दुसऱ्या प्रयत्नाला वेळच नसेल, तर पहिल्या प्रयत्नातील चूक ही चूक म्हणूनच मुलाच्या मनात राहते.

काही मुले साहित्याला हातच लावत नाहीत. त्यांना ‘घाबरू नकोस’ म्हणण्याआधी कारण शोधावे. ओल्या मातीचा किंवा गोंदाचा स्पर्श काहींना खरोखर असह्य होतो; त्यांना पातळ हातमोजे किंवा लाकडी चमचा द्यावा. वर्गातील गलका सहन न होणाऱ्या मुलासाठी भिंतीकडची जागा ठेवावी. डावखुऱ्या मुलांना नेहमीच्या कात्रीचे वरचे पाते कापायची रेषा झाकते, त्यामुळे त्यांचे काम वाकडे होते आणि ती स्वतःला अनाडी समजू लागतात. डाव्या हाताची कात्री हा त्यावरचा साधा उपाय आहे. तांबडा-हिरवा भेद न दिसणारी मुले, विशेषतः मुलगे, बहुतेक शाळांत असतात, तेव्हा रंगाबरोबर आकाराचीही खूण द्यावी. आणि एखादे मूल नुसते पाहून शिकत असेल, तर त्याला पहिल्या दिवशी नोंदी लिहिण्याचे काम देणे पुरेसे आहे.

स्पर्धा आणि क्रमांक या तासाला ठेवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. भिंतीवर निवडक सुबक वस्तू लावण्यापेक्षा सर्वांच्या लावाव्यात किंवा कोणाच्याच लावू नयेत. कौतुक नेमके असावे: ‘छान’ यापेक्षा ‘तू होडीच्या कडा उंच केल्यास, म्हणून पाणी आत आले नाही’ या वाक्यातून मुलाला आपण काय केले ते कळते.

आवराआवर हा पाठाचाच भाग धरून शेवटची दहा मिनिटे तिच्यासाठी ठेवावीत आणि पाच मिनिटे आधी तशी कल्पना द्यावी. रंगात आलेले काम अचानक थांबवले की लहान मुले चिडतात किंवा रडतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो.

मुले खरोखर निर्धास्त आहेत का, हे पाहण्यासाठी बेल्जियममधील ल्यूव्हेन विद्यापीठाचे फेरे लाव्हर्स यांनी दोन गोष्टींकडे लक्ष वेधले आहे: मुलाचे स्वास्थ्य आणि कामातील गुंतलेपण. दोन्हींसाठी त्यांनी पाच पायऱ्यांचे माप सुचवले. वर्गशिक्षकाला रोज सर्वांची नोंद शक्य नसते. प्रत्येक तासाला चार-पाच मुले ठरवून दोन मिनिटे नीट पाहावीत आणि चेहरा, खांदे, हातांची हालचाल, कामाकडे लागलेली नजर यांविषयी एक-दोन ओळी लिहाव्यात. वर्ग शांत असला तरी गुंतलेपण नसू शकते, आणि गलका असला तरी ते असू शकते. कृतीच्या दिवशीच पोट दुखणारे, सतत खोडरबर वापरणारे किंवा गटात कधीच न बोलणारे मूल या नोंदींतून लवकर दिसते. तसे आढळल्यास त्याच्याशी एकांतात बोलावे, गट बदलून पाहावा आणि पालकांना विचारावे. काही आठवड्यांतही फरक पडला नाही, मूल खेळापासूनही दूर राहू लागले किंवा झोप व जेवण बिघडल्याचे घरून कळले, तर समुपदेशकाचा किंवा बालरोगतज्ज्ञाचा सल्ला घ्यायला उशीर करू नये. इतर मुलांच्या बाबतीत या नोंदी पुढच्या तासाच्या आखणीत वापराव्यात: कोणाला अजून काड्या हव्यात, कोणत्या जोडीत एकच हात चालतो आणि कोणती कृती अर्धवट राहिली, म्हणून उद्या तीच पुन्हा घ्यायची आहे.