प्रहरांचे पत्ते कसे रेखाटावेत

पत्त्यांच्या जोडात 4 रंग आणि 12 चित्रांची पाने असतात. त्यामुळे प्रत्येक रंगाला दिवसाची एक वेळ दिली की गुलाम, राणी आणि राजा या तिघांत त्या वेळेचा आरंभ, भर आणि उतार आपसूक मांडता येतो. माझ्या मते उजेडाच्या वेळा लाल रंगांना द्याव्यात, म्हणजे बदाम पहाटेला आणि टोकदार चौकट दुपारला. किलवर संध्याकाळला आणि इस्पीक रात्रीला शोभते.

व्यक्तिरेखा उभी करताना कपाळावर सूर्य किंवा चंद्र काढून मोकळे होऊ नये, कारण वेळ खरी ओळखू येते ती प्रकाशाच्या दिशेवरून. दुपारच्या राणीवर ऊन थेट वरून पडते, म्हणून तिच्या नाकाखाली आणि हनुवटीखाली आखूड, गडद सावली द्यावी, पापण्या किंचित मिटलेल्या ठेवाव्यात आणि पदराची कड जवळजवळ पांढरी सोडावी. पहाटेच्या गुलामाचा मात्र एकच गाल उजळलेला असावा.

चित्राचे पान सुलट किंवा उलट, कसेही धरले तरी सारखे दिसावे लागते. त्यासाठी अर्धेच चित्र काढून ते 180 अंशांत फिरवावे आणि सांध्यावर वस्त्राचा तिरका पट्टा घ्यावा. आरशातल्यासारखे उलटवल्यास जोड चुकतो.

पान साधारण 63 × 88 मिलिमीटरचे असते. छपाईसाठी चारही कडांना 3 मिलिमीटर जादा रंग सोडावा. पाठीवरची नक्षी सर्व पानांना एकच ठेवावी, नाहीतर पान पाठीवरूनच ओळखू येते.