मॅप सेन्सर बदलण्याआधी या चुका टाळा

स्कॅनरवर पी ०१०७ किंवा पी ०१०८ हा बिघाडाचा कोड उमटला की लगेच नवा मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) मागवू नका. इलेक्ट्रिकल माल दुकानदार सहसा परत घेत नाही. कोड एवढंच सांगतो की ईसीयूपर्यंत, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचणारा सिग्नल फार खाली (०१०७) किंवा फार वर (०१०८) आहे. बिघाड सेन्सरचा, वायरचा की कपलरचा (वायरी जोडणारा प्लग), ते आपणच शोधायचं.

सेन्सरला सहसा तीन वायरी: ५ व्होल्ट, अर्थ (ग्राउंड) आणि सिग्नल. हवेचं तापमानही तोच मोजत असेल तर चार. आतला सिलिकॉनचा पातळ पडदा इनटेक मॅनिफोल्डमधल्या (सिलिंडरांना हवा नेणाऱ्या नळ्यांमधल्या) दाबाने वाकतो आणि त्याप्रमाणे सिग्नलचे व्होल्ट बदलतात. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन आयडलला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) साधारण ३० ते ४० किलोपास्कल दाखवतं, सिग्नल एक-दीड व्होल्ट.

चावी चालू आणि इंजिन बंद असताना मात्र बाहेरच्या हवेचा दाब दिसतो, आणि इंदुरात खरी फसगत इथेच होते. मॅन्युअलमधले १०१ किलोपास्कल समुद्रसपाटीचे. आपलं शहर सुमारे ५५० मीटर उंचीवर, म्हणजे इथे ९५ च्या आसपास आलं की सेन्सर ठीक. मोबाइलवरच्या हवामानाशी ताडून पाहाल तर आणखी गोंधळ, कारण तिथला आकडा समुद्रसपाटीला जुळवून दिलेला असतो. तीच गाडी घाट उतरून महेश्वरला नेली तर ९९ दाखवेल.

५ व्होल्ट मिळत नसतील तरी सेन्सरला दोष देऊ नका. बऱ्याच गाड्यांत तोच पुरवठा इतर सेन्सरनाही जातो. एक शॉर्ट झाला की सगळे झोपतात. एकेक सेन्सरचा कपलर काढत मीटरवर ५ व्होल्ट परत येतात का बघा. अर्थ तपासताना नुसते ओहम मोजून भागत नाही, वायरमधली एकच तार शाबूत असली तरी ते बरोबर येतात. कपलर जोडलेला ठेवून, चावी चालू करून, अर्थची पिन आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांत व्होल्ट मोजा, ०.१ पेक्षा कमी हवेत. टेस्ट लॅम्प इथे लावूच नका.

आयडलला ५५-६० दिसत असेल, पण चावीवर ९५ बरोबर येत असेल, तर वायरिंग सोडा. फाटलेला व्हॅक्यूम पाइप, इनटेकचं गॅस्केट, नाहीतर दात सरकलेला टायमिंग बेल्ट. व्हॅक्यूम गेज लावा, तोही हेच सांगेल.