कोल्हापुरात गिझरची दुरुस्ती आणि देखभाल: उन्हाळ्यात करावयाचे काम

कोल्हापुरातील बहुतेक घरांत गिझरची आठवण दिवाळीच्या आदल्या दिवशी होते. अभ्यंगस्नानाच्या पहाटे पाणी तापले नाही की मिस्त्रीला फोन जातो आणि त्याच वेळी निम्म्या गावाचा फोन त्याच्याकडे गेलेला असतो. वास्तविक गिझरची तपासणी करण्याचा योग्य काळ म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून मृगाच्या पावसापर्यंतचे दिवस. होळीनंतर गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी उन्हाने आपोआप कोमट, दुपारी तर चटका बसेल इतके गरम होते, त्यामुळे गिझर काही दिवस उघडून ठेवला तरी कोणाचे अडत नाही. आपल्याकडे गिझरची खरी गरज थंडीच्याही आधी, पावसाळ्याच्या गार आणि दमट सकाळी सुरू होते. आणि गिझर खराब होतो तो वापरापेक्षा, आतल्या पाण्यासह महिनोन्महिने बंद राहिल्यामुळे अधिक.

प्रथम आपल्या घरात कोणते पाणी येते, हे पाहावे. शिंगणापूर किंवा बालिंगा येथून उपसलेले नदीचे पाणी आणि काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनमधून येणारे धरणाचे पाणी तुलनेने मृदू असते; पावसाळ्यात मात्र गढूळपणामुळे बारीक गाळ टाकीच्या तळाशी बसतो. पाचगाव, कळंबा, उचगाव यांसारख्या भागांत ज्यांची भिस्त बोअरवेलवर आहे, त्यांची अडचण वेगळी आहे. आपल्या काळ्या पाषाणातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले असतात आणि पाणी तापले की ते पांढऱ्या थराच्या रूपाने पाणी तापवणाऱ्या एलिमेंटवर जमतात. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, नळाच्या तोंडाशी पांढरी खर धरते, ही लक्षणे ज्या घरात दिसतात, त्या घरातील गिझर दर वर्षी उघडून साफ करावा. केवळ नदीचे पाणी असेल तर दोन वर्षांतून एकदा पुरते.

पाणी साठत नसेल, तरच गिझर पूर्ण बंद ठेवणे निर्धोक असते. टाकीच्या गिझरला हे लागू होत नाही. उन्हाळ्यात अनेक जण त्यातील पाणी काढून तो रिकामा ठेवतात. माझ्या मते ते टाळावे, कारण आत राहिलेला ओलावा आणि हवा यांमुळे पोलादी टाकी अधिक गंजते, रबरी गॅस्केट सुकते आणि पुढे कोणी चुकून बटण दाबले तर कोरडे एलिमेंट थोड्याच वेळात जळते. गिझर भरलेलाच ठेवावा, वीज बंद करावी आणि पंधरवड्यातून एकदा 60 अंशांपर्यंत तापवून ते सगळे पाणी वाहू द्यावे. कोमट, साचलेल्या पाण्यात जिवाणू वाढतात, त्यासाठी हे 60 अंश महत्त्वाचे आहेत. बऱ्याच दिवसांनी नळ सोडल्यावर कुजक्या अंड्यासारखा वास आला तर घाबरण्याचे कारण नाही. आतल्या मॅग्नेशियमच्या सळईची पाण्याशी आणि त्यातील जिवाणूंशी होणारी क्रिया हे त्याचे नेहमीचे कारण असते आणि दोन-तीन वेळा टाकी भरून रिकामी केल्यावर वास बहुधा जातो.

या सळईला मिस्त्री ॲनोड रॉड म्हणतात. टाकीऐवजी ती स्वतः गंजत राहते, हेच तिचे काम. क्षार अधिक असतील तर ती लवकर झिजते. सळई निम्म्याहून बारीक झाली किंवा आतली तार दिसू लागली, की ती बदलावी. गिझरच्या सर्व सुट्या भागांत स्वस्त म्हणावा असा हा भाग आहे आणि नेमका तोच कधी बदलला जात नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

गिझर उघडून साफ करणे

मुख्य एमसीबी खाली करून, प्लग काढून मगच कामाला हात लावावा. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण बटण चुकून न्यूट्रलवर जोडलेले असेल तर आत वीज शिल्लक असते. पाणी थंड होऊ द्यावे. थंड पाण्याचा अँगल कॉक बंद करून गरम पाण्याचा नळ उघडावा म्हणजे आतला दाब जाईल. नंतर निळ्या खुणेकडची नळी सोडवून पाणी बादलीत घ्यावे आणि लाल खुणेकडची नळीही सैल करावी, म्हणजे हवा आत जाऊन टाकी पूर्ण रिकामी होते. खालचे झाकण काढल्यावर वायरींचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. परत जोडताना त्याचा जो उपयोग होतो, तो कागदावरच्या आकृतीचा होत नाही.

फ्लँजचे, म्हणजे टाकीच्या तळाशी एलिमेंट धरून ठेवणाऱ्या चकतीचे, नट सोडवले की एलिमेंट, तापमान राखणाऱ्या थर्मोस्टॅटची नळी आणि ॲनोड रॉड ही तिन्ही एकत्र खाली येतात. बोअरच्या पाण्यावर चाललेल्या गिझरमध्ये एलिमेंट ओळखू येत नाही. त्यावर करड्या-पांढऱ्या खवल्यांचे कवच असते आणि तळाशी ओंजळभर चुरा निघतो. पाणी तापताना गिझरमधून उकळत्या किटलीसारखा खदखद आवाज येत असेल तर तो याच कवचाखाली अडकलेल्या वाफेचा असतो. वाड्यातल्या तांब्याच्या बंबाची खर काठीने ठोकून काढणारी माणसे गिझरही तशीच ठोकतात, परंतु आतून काचेचा मुलामा असलेल्या टाकीवर पाना किंवा छिन्नी चालवली तर मुलाम्याला तडा जातो आणि तेथून गंज सुरू होतो. टाकीतला चुरा पाण्याने धुऊन काढावा. एलिमेंटसाठी प्लास्टिकच्या बादलीत एक लिटर कोमट पाण्याला सुमारे 50 ग्रॅम लिंबूसत्व म्हणजे सायट्रिक ॲसिड घालून त्यात फक्त धातूचा वेटोळ्याचा भाग बुडवावा, वायरींची टोके कोरडी ठेवावीत आणि काही तासांनी मऊ ब्रशने घासावे. फरशीचे ॲसिड वापरू नये. त्याने खर झटकन निघते हे खरे, पण एलिमेंटचे तांबेही त्यात खाल्ले जाते आणि बंद बाथरूममध्ये त्याच्या वाफांनी घसा धरतो.

जुने गॅस्केट पुन्हा बसवू नये. नट एकदम एका बाजूने न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळावेत. यानंतर, वीज न देता, गरम नळातून अखंड धार येईपर्यंत टाकी भरावी, सांधे कोरड्या कागदाने पुसून गळती पाहावी आणि मग झाकण लावून एमसीबी वर करावा.

बिघाड कोठे आहे ते ओळखणे

दिवा लागतो पण पाणी तापत नाही, अशा वेळी एलिमेंट तुटलेले असते किंवा जादा तापल्यामुळे सेफ्टी कटआउट पडलेला असतो. कटआउटवरचे छोटे बटण दाबले की तो पूर्ववत होतो, परंतु तो पुन्हा पुन्हा पडत असेल तर थर्मोस्टॅटचे पॉइंट चिकटले आहेत असे समजून थर्मोस्टॅट बदलावा. कटआउट वगळून वायर सरळ जोडण्याचा सल्ला कोणी दिला तर त्याच्याकडून काम करून घेऊ नये. एलिमेंट तपासण्यास मल्टीमीटर पुरतो. दोन्ही वायरी सोडवून टोकांमधला रोध मोजावा. 230 व्होल्टवरील 2000 वॅटच्या एलिमेंटचा रोध सुमारे 26 ओहम आणि 3000 वॅटच्या एलिमेंटचा सुमारे 18 ओहम असतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर एलिमेंट तुटले आहे. आणि एखादे टोक व धातूचे आवरण यांमध्ये रोध दिसत असेल तर आवरण फुटून पाणी आत गेले आहे. गिझर लावताच आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, पडण्याचे नेहमीचे कारण हेच. येथे डागडुजी होत नाही, नवे एलिमेंट घालावे लागते.

पिनटॉपकडे, म्हणजे प्लगकडे, बहुतेकांचे लक्ष नसते. 2000 वॅटचा गिझर जवळजवळ 9 अँपिअर वीज ओढतो. सॉकेट सैल असेल तर प्लगची कड प्रथम तपकिरी होते, मग काळी पडते आणि जळक्या प्लास्टिकचा वास येतो. अशा वेळी प्लग आणि सॉकेट दोन्ही 16 अँपिअरचे नवे घालावेत. एक्स्टेन्शन बोर्डावर गिझर कदापि चालवू नये.

नळाला हात लावताच झिणझिण्या आल्या तर गिझर त्याच क्षणी बंद करावा. उन्हाळ्यात याला आणखी एक कारण असू शकते: अर्थिंगच्या खड्ड्याभोवतीची माती एप्रिल-मे महिन्यांत कोरडी पडते आणि तिचा रोध वाढतो, त्यामुळे एरवी जमिनीत निघून जाणारी गळती आपल्या अंगावर येते. खड्ड्यात आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी घालण्याची जुनी पद्धत अजूनही योग्य आहे. ती 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला पर्याय मात्र नाही.

गळतीच्या बाबतीत पाणी नेमके कोठून येते ते पाहून मगच खर्च ठरवावा. नळीच्या सांध्यातून येत असेल तर वॉशर आणि टेफ्लॉन टेप पुरते, फ्लँजमधून येत असेल तर गॅस्केट. सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना पडणारे थेंब म्हणजे बिघाड नव्हे. 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांपर्यंत तापले की सुमारे 200 मिलिलिटरने फुगते आणि वाटेत पाणी मागे जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असेल तर त्याला बाहेर पडण्यास तेवढीच जागा उरते. थेंब नकोत म्हणून तेथे बूच मारणे धोक्याचे आहे. पाणी बाहेरच्या पत्र्याच्या आतून, कोठूनही न सुटता झिरपत असेल तर आतली टाकी फुटली आहे आणि गिझर बदलण्याखेरीज उपाय नाही.

पूर येणाऱ्या भागासाठी एक स्वतंत्र सूचना. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी ज्या घरांत शिरले, त्यांना हे ठाऊक आहे की पाणी उतरल्यावर भिंत कोरडी दिसते, बोर्ड मात्र आतून ओलाच असतो. गिझर स्वतः पाण्यात बुडाला असेल तर त्याच्या कवचातील फोम वाळत नाही; इलेक्ट्रिशियनने मेगरने, म्हणजे विजेची गळती मोजणाऱ्या उपकरणाने, तपासेपर्यंत तो सुरू करू नये, आणि जुना असेल तर दुरुस्तीचा नाद सोडावा.

नवा गिझर घेताना

आकाराची निवड करताना साधा हिशेब करावा. 25 अंशांचे थंड पाणी आणि 60 अंशांचे गरम पाणी मिसळून 15 लिटरची 40 अंशांची बादली भरायला सुमारे साडेसहा लिटर गरम पाणी लागते, म्हणजे 15 लिटरच्या टाकीतून एका तापवणीत दोन बादल्या सहज निघतात. मे महिन्यात थंड पाणीच 32 अंशांचे असते, तेव्हा याच्या सुमारे दोन तृतीयांशच गरम पाणी लागते. बादलीने अंघोळ करणाऱ्या चौघांच्या घराला त्यामुळे 25 लिटरची गरज नाही. एक तापवणी 2000 वॅटवर सुमारे 18 मिनिटांची असते. शॉवरची सवय असेल तरच मोठी टाकी घ्यावी. बंगल्यात गच्चीवरच्या टाकीचा दाब एक बारच्या आसपास असतो. दहा मीटर उंचीला एक बार, हे प्रमाण लक्षात ठेवावे. बहुमजली इमारतीच्या खालच्या मजल्यांवर किंवा प्रेशर पंप असलेल्या घरात 8 बारचा गिझर घ्यावा. बोअरच्या पाण्यासाठी टाकीच्या मुलाम्याइतकेच एलिमेंटकडे लक्ष द्यावे, ते साध्या तांब्याऐवजी इन्कोलॉय या गंजरोधक मिश्रधातूच्या आवरणाचे असलेले बरे. बसवताना भिंत पोकळ ब्लॉकची असेल तर आरपार बोल्ट घालावेत, कारण भरलेला 15 लिटरचा गिझर 25 किलोच्या आसपास भरतो. गरम पाण्याच्या वाटेला सीपीव्हीसी पाइपच वापरावा, साधा पीव्हीसी मऊ पडतो.

गॅस गिझर स्वस्त पडतो म्हणून अनेक घरांत असतो, परंतु तो बंद बाथरूमच्या आत लावणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. अपुऱ्या हवेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो आणि अंघोळ करणाऱ्याला गुंगी येते तेव्हा दार उघडण्याचीही शक्ती राहिलेली नसते. तो गॅलरीत किंवा उघड्या जागी लावून पाणी आत न्यावे. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली तर बर्नर साफ करून घेईपर्यंत वापर थांबवावा.

गच्चीवर सौर बंब असणाऱ्यांचा उन्हाळा मात्र वेगळ्या कारणाने काळजीचा असतो. सगळे गावी गेले आणि पाणी वापरले गेले नाही की टाकीतले पाणी उकळू लागते. एअर व्हेंटचा पाइप मोकळा आहे याची खात्री करावी आणि निघण्यापूर्वी निम्म्या काचेच्या नळ्या पोत्याने किंवा ताडपत्रीने झाकून ठेवाव्यात. भरदुपारी कोरड्या पडलेल्या नळ्यांत थंड पाणी सोडल्यास त्या तडकतात, त्यामुळे टाकी रिकामी झाली असेल तर ती सूर्योदयापूर्वी किंवा रात्री भरावी, आणि नळ्यांच्या तळाशी साचलेला गाळ याच मे महिन्यात, पाणीपुरवठा नियमित असलेला दिवस पाहून, काढून घ्यावा.